स्ट्रक्चरमधले दोन जादा बाइट

प्रश्न : वर्गातील 60 विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी मी सी भाषेत एक स्ट्रक्चर (वेगवेगळी माहिती एकत्र ठेवणारा साचा) केले आहे. त्यात क्रमाने हजेरी क्रमांक इंटमध्ये (4 बाइटचा पूर्णांक), नाव 30 कॅरॅक्टरच्या अ‍ॅरेत (30 बाइटची सलग जागा) आणि टक्केवारी फ्लोटमध्ये (4 बाइटची दशांश संख्या) आहे. बेरीज 38 बाइट होते, पण आकार सांगणारा साइझऑफ 40 दाखवतो. असे का, आणि फाइलमध्ये नोंदी लिहिताना याचा त्रास होईल का?
– डिप्लोमाची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : हे दोन बाइट कंपायलरने, म्हणजे प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने, घातलेले आहेत. चार बाइटचा फ्लोट चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर असला, की प्रोसेसरला तो वाचणे सोपे जाते. हजेरी क्रमांक आणि नाव मिळून 34 बाइट होतात, म्हणून कंपायलर दोन बाइट रिकामे सोडून मग टक्केवारी ठेवतो. याला पॅडिंग म्हणतात. टक्केवारी नावाच्या आधी घेतली तरी आकार 40च राहील, कारण अ‍ॅरेतील पुढची नोंदही चारच्या पटीतच सुरू व्हावी लागते.

फाइलमध्ये त्रास होईल तो 38 हा आकडा हाताने लिहिलात तरच. फाइल बायनरी पद्धतीने उघडावी आणि एफराइट (फाइलमध्ये लिहिणे), एफसीक (फाइलमध्ये हव्या जागी जाणे) या दोन्ही ठिकाणी साइझऑफच वापरावा. म्हणजे सतरावी नोंद वाचण्यासाठी सुरुवातीपासून 16 गुणिले 40, अर्थात 640 बाइट पुढे जाता येते.

मला खरी काळजी वाटते ती नावाची. यूटीएफ-8मध्ये, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, अगदी काना, मात्रा आणि हलन्तसुद्धा, तीन बाइट घेते. ‘ज्ञानेश्वर’ या नावात अशी दहा चिन्हे आहेत. त्यांतच 30 बाइट संपतात आणि नाव संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्याला जागा उरत नाही. मजकूर जागा न तपासता उतरवणारे स्ट्रकॉपी ते शून्य तरीही लिहिते, बहुधा ते नेमके पॅडिंगमध्ये पडते, आणि प्रोग्राम बिनतक्रार चालल्यामुळे चूक दडून राहते. पुढे ‘पाटील’ एवढे आडनाव जोडले, की टक्केवारी पुसली जाऊन पुढच्या विद्यार्थ्याचा हजेरी क्रमांकही बिघडू शकतो. अशा वेळी काय होईल, याची सी भाषा कसलीच हमी देत नाही.

म्हणून पूर्ण नावासाठी 120 बाइट घ्यावेत. 39 चिन्हे मावतील, आणि एकूण आकार 128 झाल्याने पॅडिंगही उरणार नाही. नाव भरताना स्ट्रकॉपीऐवजी, दिलेल्या जागेपेक्षा जास्त न लिहिणारे एसएनप्रिंटएफ वापरावे. त्याने परत दिलेली संख्या 120 किंवा अधिक असेल, तर नाव कापले गेले आहे असे समजून ते पुन्हा मागावे. अर्धवट तुटलेले अक्षर फाइलमध्ये जाऊ देऊ नये.