आईच्या डोळ्यातला सैल टाका : दावा नेमका कशावर करायचा?

साताऱ्याहून एका वाचकाने लिहिलं आहे : आई ६८ वर्षांची. एका ट्रस्टच्या रुग्णालयात सवलतीच्या दरात, १२ हजार रुपये भरून मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. मोतीबिंदू फार पिकलेला असल्याने एक टाका घालावा लागला. सहाव्या आठवड्यात डोळा खुपू लागला. दोनदा दाखवलं, दोन्ही वेळा ‘थेंब चालू ठेवा’ एवढंच सांगितलं. दहा दिवसांनी पुण्यातल्या डॉक्टरांना सैल टाक्याभोवती जंतुसंसर्ग दिसला. त्यांनी टाका काढला, पण डोळ्यात फूल पडलं आणि नजर अधू झाली. रुग्णालय म्हणतं, संमतीपत्रावर सही आहे. या गोष्टीला चौदा महिने झाले. केस होईल का?

केस होईल. पण ‘ऑपरेशनमुळे इन्फेक्शन झालं’ एवढ्यावर ती उभी करू नका, तिथे तुम्ही हराल. योग्य काळजी घेऊनही जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि वाईट निकाल म्हणजे हलगर्जीपणा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली स्पष्ट केलं आहे. १९८६ च्या, उत्तर प्रदेशातल्या खुर्जा इथल्या नेत्रशिबिराची गोष्ट वेगळी होती. तिथे दूषित सलाइनमुळे एकाच शिबिरातल्या कितीतरी जणांचे डोळे गेले. तुमच्या आईचा त्रास सहाव्या आठवड्यात, एका टाक्यापाशी सुरू झाला.

तुमची खरी बाजू त्या दोन भेटींत आहे. केसाहून बारीक नायलॉनचा धागा सैल झाला की त्याचं टोक खुपतं, त्यावर चिकटा साचतो आणि जंतूंना वाट मिळते. असा टाका वेळीच काढायचा असतो. टाका असलेली बाई खुपतंय म्हणून दोनदा आली, तेव्हा स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, तो टाका पाहिला का? पाहिला असेल तर काय नोंदवलं? डिस्चार्ज कार्डावर टाका तपासण्याची तारीख होती का? हे तीन प्रश्न म्हणजे तुमचा दावा. संमतीपत्राने ऑपरेशनचे धोके मान्य होतात, नंतरची दुर्लक्षित तपासणी नाही.

दुसऱ्या भेटीचा केस पेपर मिळाला नाही असं तुम्ही लिहिता. मग त्या दिवसाचं मेडिकलचं बिल आणि रुग्णालयाला केलेल्या फोनची नोंद शोधा. पुण्याच्या डॉक्टरांकडून ‘हलगर्जीपणा झाला’ असं लिहून मागू नका, ते बिचकतील. टाका कसा होता, कल्चरमध्ये (जंतूंच्या तपासणीत) काय आलं, नजर किती उरली, एवढंच तारखेनिशी लिहून द्या म्हणावं. त्याचं वजन जास्त. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचा अहवाल लागतोच असं नाही, हे व्ही. किशन राव निकालाने २०१० मध्ये सांगितलं. तरीही डोळ्याच्या प्रकरणात मी तो घेतल्याशिवाय पुढे जाणार नाही.

सवलतीच्या उपचारावर ग्राहक म्हणून तक्रार करता येईल का, ही शंका सोडून द्या. आईने पैसे भरले आहेत. आणि जिथे काही रुग्ण पैसे देतात तिथले मोफत रुग्णही ग्राहकच, हे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून ठरलेलं आहे.

पत्राच्या शेवटी तुम्ही दोन शब्दांत उरकलंत की घरातल्या लग्नामुळे आई महिन्याच्या तपासणीला गेली नाही. कृपा करून हे वकिलापासून लपवू नका. समोरचा पक्ष हेच पहिलं काढेल. भरपाई त्यामुळे कमी होऊ शकते, पण नंतरच्या दोन भेटी पुसल्या जात नाहीत.

तक्रार सातारा जिल्हा ग्राहक आयोगात, आईच्याच नावाने. मुदत दोन वर्षांची, म्हणजे हातात दहा महिने आहेत. ऑपरेशनसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. भरपाई कितीही मागितली तरी नाही. पोलिसांत मात्र जाऊ नका. फौजदारी गुन्ह्याला घोर निष्काळजीपणा लागतो आणि त्यात तुमची वर्षं जातील. वैद्यक परिषद डॉक्टरांवर कारवाई करू शकते, पैसे देऊ शकत नाही.

पहिलं काम या आठवड्यातच करा. ऑपरेशनच्या नोंदी, संमतीपत्र आणि सगळे केस पेपर मागणारा अर्ज आईच्या सहीने रुग्णालयात द्या आणि प्रतीवर पोच घ्या. डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार मागणीनंतर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. नोंदी सांभाळण्याचं बंधन तीनच वर्षांचं आहे. नोटीस त्यानंतर पाठवू. आधी नोटीस गेली की कागद मिळणं अवघड होतं.