पाळीव उंदरांच्या प्रदर्शनाला नुसतं बघायला गेलं तर चालतं का?

इंग्लंडात नवीन आहात, घरात उंदीर नाही, तरी प्रदर्शन बघायला गेलं तर कुणी हसेल का, असं विचारलंय तुम्ही. कुणी हसत नाही. खुशाल जा.

हसले ते माझ्याच घरचे. माझे बाबा मुंबई महापालिकेत मूषक संहारक होते. रात्रपाळी, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी आणि उजाडायच्या आत तीस उंदरांचा हिशेब. सकाळी आंघोळ केल्याशिवाय आई त्यांना चहाचा कपसुद्धा देत नसे. त्या घरातला मी, लेकीच्या हट्टापायी रविवारी एका हॉलमध्ये उंदरांपुढे उभा.

टेबलांवर ओळीने डबे, आत भुसा आणि काकडीची फोड. पाण्याची बाटली सांडते, म्हणून काकडी. पांढऱ्या कोटातल्या परीक्षक बाई एकेक उंदीर उचलायच्या, शेपूट मुळापासून टोकापर्यंत चिमटीतून सरकवायच्या. कुठे गाठ, वाक लागतोय का ते बघत. रंग, कान, अंगलट सगळं मापात लागतं. पाळीव गटात मात्र रंगाला कुणी विचारत नाही. तब्येत आणि माणसाळलेपणा बघतात. तुम्ही तोच गट बघा, बाकीचं लवकर कंटाळवाणं होतं.

शेजारच्या आजींनी त्यांचा बोका माझ्या हातावर दिला. (नर उंदराला आमच्याकडे बोकाच म्हणायचे, इतके ते माजलेले.) थोड्या वेळाने तो दात करकरवायला लागला आणि डोळे आतबाहेर उडायला लागले. मी ओरडलो, "फिट आली!" अख्खा हॉल बघायला लागला. आजी म्हणाल्या, खूश आहे तो. खरंच, उंदीर सुखावला की असंच करतो.

फोटो पाठवला तर दादाचा फोन, "बाबांनी जन्मभर मारले आणि तू कुरवाळतोस?" दादा, वाचत असशील तर ऐक. व्हिक्टोरिया राणीचा उंदीर पकडणारा जॅक ब्लॅक हाच धंदा करायचा, आणि वेगळ्या रंगाचे सापडले की ते वाढवून बायकांना पाळायला विकायचा. 1901 साली एल्सबरीच्या प्रदर्शनात उंदरांना पहिल्यांदा जागा मिळाली, तीही मेरी डग्लस नावाच्या बाईने मागितली म्हणून. मारणारा आणि पाळणारा एकाच घरात असू शकतो. बाबांनी फोटो मोठा करून पाहिला आणि एवढंच विचारलं, "शेपूट इतकी स्वच्छ कशी रे?" तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.

हां, एक राहिलंच. पुढे घरी उंदीर आणलेत तर त्यांना नुसते फिरवायला प्रदर्शनात नेऊ नका, श्वासाचे आजार पटकन पसरतात. आणि न विचारता डब्यात बोट घालू नका. आणायचेच तर दोन आणा, एकटा उंदीर झुरतो. जेमतेम दोन-तीन वर्षं जगतात, हे लेकीला आधीच सांगा. मी सांगितलं नव्हतं.