'माजी', 'तत्कालीन' आणि एक छोटासा 'ही'

प्रश्न असा आला आहे: "पोलंडचे रादोस्वाव शिकोर्स्की यांच्या २०११ मधल्या बर्लिनच्या भाषणावर लिहिताना मी 'माजी परराष्ट्रमंत्री' असं लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'तत्कालीन' केलं. फरक काय?"

फरक मोठा आहे, आणि संपादकांनी खोडलं ते योग्यच. 'माजी' हा शब्द आजची स्थिती सांगतो: पद होतं, आता नाही. शब्द मूळचा अरबी, अर्थ 'सरलेला', फारसीतून आपल्याकडे आला. 'आजी-माजी आमदार' म्हणतो त्यातला 'आजी' मात्र आपल्या 'आज'चा. जोडी अशी जमली आहे की दोघं वेगळ्या घरचे, हे कानाला कळतही नाही! 'तत्कालीन' म्हणजे त्या काळचा. तो घटनेच्या दिवसाबद्दल बोलतो, आजबद्दल काहीच सांगत नाही.

शिकोर्स्की २००५ ते २००७ संरक्षणमंत्री होते, २००७ ते २०१४ परराष्ट्रमंत्री, मग सुमारे नऊ महिने सेयम या पोलिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष. २०१९ मध्ये ते युरोपीय संसदेवर निवडून गेले आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा परराष्ट्रमंत्री झाले. म्हणून आज 'माजी संरक्षणमंत्री' चालेल, 'माजी परराष्ट्रमंत्री' चालणार नाही.

(नाव तुम्ही नीट लिहिलंत, याचा आनंद वाटला. आपल्याकडे 'राडोस्लाव सिकोर्स्की' असंही छापतात. पण पोलिशमध्ये आडवी रेघ मारलेल्या 'ल'चा उच्चार 'व'कडे झुकतो, आणि 'स'पुढे 'इ' आली की 'शि' होतो.)

तरी नुसत्या 'तत्कालीन'नं माझं समाधान होत नाही. शब्दाचा अर्थ एक आणि सवय दुसरी. 'तत्कालीन जिल्हाधिकारी' वाचलं की साहेबांची बदली झाली, असंच आपण धरून चालतो. शिकोर्स्कींच्या बाबतीत वाचक तसाच फसेल. मी लिहीन: "जर्मनीच्या ताकदीपेक्षा तिच्या निष्क्रियतेची भीती आपल्याला जास्त वाटू लागली आहे, असं तेव्हाही परराष्ट्रमंत्री असलेले शिकोर्स्की २८ नोव्हेंबर २०११ रोजी बर्लिनमध्ये म्हणाले." त्या 'तेव्हाही'मधला 'ही' काढून पाहा. 'तेव्हा परराष्ट्रमंत्री असलेले' म्हटलं की माणूस लगेच पदावरून उतरतो. 'ही' जोडला की तेव्हा आणि आता, दोन्ही काळ एका अक्षरात येतात.

खरी पंचाईत सप्टेंबर २०२२ ची आहे. रशियातून जर्मनीला गॅस नेण्यासाठी समुद्राखालून टाकलेल्या नॉर्ड स्ट्रीम वाहिन्यांच्या स्फोटांनंतर शिकोर्स्कींनी अमेरिकेचे आभार मानणारं ट्विट केलं आणि पुढे काढून टाकलं. त्या दिवशी ते खरोखरच माजी परराष्ट्रमंत्री होते. तेव्हाच्या बातमीत 'माजी' अगदी बरोबर. आज तेच वाक्य जसंच्या तसं उचललं तर चूक. 'तत्कालीन माजी' तर कानालाच टोचतं. अशा वेळी गेलेलं पद सोडावं आणि त्या दिवशी हातात असलेलं सांगावं: "तेव्हा युरोपीय संसदेचे सदस्य असलेले शिकोर्स्की".