कुलूप बिघडलेलं नाही, सेवा काढून घेतली आहे

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करते, आई साताऱ्यात एकटी असते. २०२२च्या दिवाळीत तिच्या दाराला स्मार्ट कुलूप आणि दोन कॅमेरे बसवले, ३१,५०० रुपये मोजून. कामाच्या मावशींना मी इथून मोबाइलवरून दार उघडून द्यायचे. गेल्या महिन्यात कंपनीने सर्व्हरच बंद केला. विचारलं तर म्हणतात, वॉरंटी एकाच वर्षाची होती. काही करता येईल का?

उत्तर : ताई, करता येईल. पण आधी आईचं बघा. साधी किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्यांकडे आजच ठेवा आणि दार आतून हाताने उघडतं ना, हे कुणाला तरी समोर उभं राहून पाहायला सांगा.

आता वॉरंटी. कुलपाची मोटर जळली असती तर कंपनीच्या बोलण्यात तथ्य होतं. तुमचं कुलूप धडधाकट आहे. तुम्ही पुण्यात बटण दाबलं की निरोप आधी कंपनीच्या सर्व्हरवर जायचा, मग दारापर्यंत यायचा. तो मधला दुवा कंपनीने आपणहून तोडला. म्हणून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) प्रमाणे ही सेवेतली त्रुटी आहे, असंच मी मांडेन. तक्रारीची मुदत दोन वर्षं, आणि ती कारण घडल्यापासून मोजतात. तुमच्या बाबतीत ते कारण गेल्या महिन्यातलं आहे, २०२२ मधलं नाही.

‘सेवा केव्हाही बंद करू’ ही ॲपमधली अट कंपनी पुढे करेलच. सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार संपवू देणारी अट कलम २(४६) खाली अन्याय्य ठरू शकते, पण ती रद्द करून घ्यायला राज्य ग्राहक आयोगात जावं लागतं. एवढ्या रकमेसाठी तो खटाटोप नको. पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातच जा. तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

अमेरिकेत २०१६ मध्ये रिव्हॉल्व नावाचं घरगुती उपकरण असंच बंद पाडलं गेलं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी केली आणि कंपनीने ग्राहकांना परतावा देऊ केला. आपल्या आयोगावर हा दाखला बंधनकारक नाही, तरी तक्रारीत जरूर लिहा.

बिल, कंपनीची ईमेल आणि ‘कुठूनही दार उघडा’ म्हणणारी जाहिरात जपा; विक्रीचं पान काढून टाकायच्या आत त्याचे स्क्रीनशॉट घ्या. खोका फेकला नसेल तर फार बरं, कारण माल बाहेरून आला असला तरी आयातदाराचं नाव-पत्ता त्यावर छापावा लागतो. त्यालाही प्रतिवादी करा.

आधी पंधरा दिवसांची नोटीस द्या. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा, कधीकधी तेवढ्यानेच कंपनी बोलायला येते. तीन वर्षांच्या वापरानंतर पूर्ण किंमत मिळेल असं मी सांगणार नाही. वापराची वजावट करून उरलेली रक्कम आणि त्रासाबद्दल भरपाई मागा. नवं कुलूप घ्याल तेव्हा जुनं भंगारात देऊ नका, आयोगापुढे तोच तुमचा पुरावा आहे.