मुंबई महापालिकेच्या शाळा गेल्या चाळीस वर्षांत नेमक्या कशा बदलल्या?

तुम्ही विचारलंय: वडील परळच्या महापालिका शाळेत मराठीतून शिकले, आज त्याच इमारतीत हिंदी आणि इंग्रजीचे वर्ग भरतात, हे कसं झालं, आणि मुलीला पहिलीला तिथं घालावं का? वर तुम्हीच उत्तर देऊन टाकलंय की लोकांना इंग्रजीचं वेड लागलं म्हणून मराठी शाळा ओस पडल्या. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. ते अर्धवट आहे, आणि त्यात सगळा दोष पालकांच्या माथी जातो.

पालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड, इंग्रजी. ज्या वस्तीत जी भाषा, तिथं त्या माध्यमाची शाळा. लालबाग-परळमध्ये मराठी, वरळीच्या पद्मशाली वस्तीत तेलुगू, धारावीत तमिळ. एकाच आवारात दोन-तीन माध्यमांच्या शाळा, प्रत्येकीचा मुख्याध्यापक वेगळा, पट वेगळा. त्यामुळे वस्ती हलली की माध्यम हलतं. गिरणगावाची, म्हणजे लालबाग-परळच्या कापड गिरण्यांच्या भागाची, वस्ती हलली जानेवारी १९८२ च्या गिरणी संपानंतर. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात होते. पगार थांबला तशी काही कुटुंबं कोकणात, घाटावर परतली. पुढं गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आले आणि खोल्या विकून लोक डोंबिवली, नालासोपारा, विरारला गेले. तिथं पालिकेची हद्दच नाही.

खात्री करायची असेल तर कुठल्याही जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही, बघा. तीन रकाने पुरतात. 'मातृभाषा', 'शाळा सोडल्याची तारीख' आणि 'शाळा सोडण्याचे कारण'. कारणाच्या रकान्यात 'गावी गेल्यामुळे', 'स्थलांतर' किंवा नुसतं 'पालकांच्या विनंतीवरून' लिहिलेलं असतं. तारखांकडे जास्त लक्ष द्या. इंग्रजी शाळेत जाणारं मूल बहुधा मे-जूनमध्ये दाखला नेतं. ऑगस्ट-नोव्हेंबरमध्ये नेलेला दाखला बहुतेक वेळा घर हलल्याचा असतो. हाच प्रकार पुढं रेल्वेमार्गालगतच्या झोपड्या उठवून माणसं मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये नेली तेव्हा झाला. इकडचा पट रिकामा, तिकडं एका वर्गात बसायला जागा नाही.

आता शाळा बंद कशी पडते ते सांगतो, कारण यावर कोणी बोलत नाही. शिक्षकांची पदं ठरतात ती संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवणाऱ्या सरकारी हिशेबात, आणि संचमान्यता धरते ३० सप्टेंबरचा पट. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. समजा पट ६२ आहे आणि सप्टेंबरात तीन दाखले गेले. राहिली ५९ मुलं, तिसरं पद गेलं. पाच इयत्ता, शिक्षक दोन. एकजण पहिली-दुसरी सांभाळणार, दुसरा तिसरी ते पाचवी. त्यातच एकाला निवडणूक शाखेचं बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम लागलं की पाचही वर्ग एकाकडं. एका फळ्याच्या मधोमध रेघ मारून डावीकडं दुसरीची बेरीज, उजवीकडं पहिलीची मुळाक्षरं, हे मूल घरी जाऊन सांगतं. आई पुढच्या जूनमध्ये दाखला काढते. मग पट चाळीसवर येतो आणि 'समायोजन' शब्द निघतो. शेजारच्या शाळेत विलीन. कागदावर अंतर एक किलोमीटरच्या आतच असतं, पण मध्ये सहापदरी रस्ता असेल तर सात वर्षांचं मूल एकटं जात नाही. तिथं आणखी मुलं गळतात. त्या आईला इंग्रजीचं वेड लागलेलं नसतं, तिला मुलासमोर शिक्षक हवा असतो.

गोवंडी-शिवाजीनगरकडं नेमकं उलटं. उर्दू-हिंदीचे पट फुगलेले, पदं रिकामी. मराठीचा अतिरिक्त ठरलेला शिक्षक तिथं देता येत नाही, कारण डी.एड. त्या माध्यमाचं लागतं. म्हणजे एका माध्यमात माणसं जास्त आणि दुसऱ्यात वर्गावर कोणी नाही, हे एकाच वेळी चालतं. अलीकडं आधार वैध झालेलीच मुलं संचमान्यतेत धरू लागलेत. नावात एक काना चुकला, जन्मतारीख जुळली नाही, की बाकावर बसलेलं मूल हिशेबात नसतं. भाड्यानं घरं बदलणाऱ्यांना याचा मार सगळ्यात जास्त.

इंग्रजीची ओढ खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. राज्यानं २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलं, मग सेमी-इंग्रजी आलं, आणि जिथं गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणारा माणूस खरोखर होता तिथं मराठी शाळांचे पट टिकले. २०२० पासून जोगेश्वरीच्या पूनमनगरला सीबीएसई, माटुंग्याच्या वुलन मिलला आयसीएसई सुरू झालं, पालिका शाळांवर 'मुंबई पब्लिक स्कूल' हे नाव लागलं. सीबीएसईच्या प्रवेशाला सोडत काढावी लागते. पालिकेची शाळा म्हणून लोक नाक मुरडतात, या समजुतीला याहून चोख उत्तर नाही.

तुमच्या मुलीचं. सत्तावीस वस्तू मोफत मिळतात, त्यावर निर्णय घेऊ नका. मुख्याध्यापकांना भेटून चार गोष्टी विचारा: पहिलीचा पट किती, पहिली ते पाचवीचा एकूण पट किती, त्या माध्यमाचे मंजूर शिक्षक किती आणि त्यातले आज वर्गावर किती. एकूण पट साठ किंवा नव्वदच्या जरासा वर असेल तर पुढच्या वर्षी पद जाऊ शकतं हे धरून चाला. शाळा सातवीपर्यंत असेल तर आठवीला त्याच माध्यमाची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे का, तेही आत्ताच विचारा. तमिळ, तेलुगू, कन्नडची मुलं इथंच अडकतात. आणि आधारवरचं नाव जन्मदाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळवूनच प्रवेश अर्ज भरा.