सांबऱ्याहून (बेळगावच्या विमानतळावरून) विमानानं सुरी-विळी न्यायची असेल तर

प्रश्न असा आहे: मुलीला परदेशी संसारासाठी लोहाराकडची विळी आणि एक भाजीची सुरी द्यायची आहे. कुणीतरी सांगितलं, "स्टेनलेसची घ्या, त्याला चुंबक लागत नाही, मशीन वाजत नाही. नाहीतर सिरॅमिकची घ्या, म्हणजे हातातल्या बॅगेतही चालेल."

दोन्ही गोष्टी चूक आहेत. पात्याचं साहित्य कुठलंही असो, सुरी केबिन बॅगेत चालत नाही. ती चेक-इन बॅगेतच जाते आणि तिथं तिला हरकत नसते. त्यामुळे साहित्य स्वयंपाकघर बघून ठरवा, विमानतळ बघून नको.

मेटल डिटेक्टर चुंबक लागतो का ते बघत नाही. त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळं धातूत वीज फिरते आणि ती तो ओळखतो. म्हणून तांबं, अॅल्युमिनियमही सापडतं. शिवाय सुरीच्या स्टेनलेसला बहुतेक वेळा चुंबक लागतोच. ताटं-डबे ज्या ३०४ ग्रेडचे असतात त्याला लागत नाही, पण त्याला पाणी देता (म्हणजे तापवून, विझवून कडक करता) येत नसल्यानं त्याची धार टिकत नाही. ४२०, ४४०सी हे ग्रेड पाणी घेतात आणि चुंबकाला चिकटतात. त्यामुळे दुकानात चुंबक लावून 'हे खरं स्टेनलेस नाही' असं ठरवू नका. सिरॅमिकचं पातं झिर्कोनियाचं, म्हणजे झिर्कोनियमच्या ऑक्साइडचं असतं. ते जड मूलद्रव्याचं असल्यानं बॅगेच्या एक्स-रेमध्ये ठळक दिसतं.

आता निवड. सिरॅमिक टोमॅटो-काकडीला छान, पण सुरण, फणस, खोबरं यांवर टवका उडतो, आणि आपल्या नेहमीच्या दगडावर धार लागत नाही, डायमंडचा लागतो. मुलगी नोकरी करणारी, भांडी सिंकमध्ये पडून राहणार, तर ५६ एचआरसीच्या (रॉकवेल या कडकपणाच्या मापाच्या) आसपासची स्टेनलेस सुरी द्या. विळी मात्र लोहाराचीच घ्या. गाडीच्या कमानीच्या पाट्याची असेल तर उत्तम. तिला गंज येतो, म्हणून वापरून झाली की लगेच पुसायची. ती वाळवायला गॅसवर धरू नका. पातं निळं पडलं की पाणी उतरलं, मग कितीही घासा, धार टिकत नाही.

पॅकिंगमध्येच बहुतेकांचं चुकतं. आधी पातं कोरडं करून खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. करडईचं नको, ते वाळून चिकट थर धरतं. पेपरात गुंडाळून पावसाळ्यात आठ दिवस आधी ठेवू नका, कागद ओल धरतो आणि पात्यावर गंजाचे ठिपके उठतात. खोक्याचा पुठ्ठा पात्यापेक्षा दोन बोटं लांब कापा आणि दुमडा. पात्याची बोथट पाठ घडीकडे, धार उघड्या बाजूकडे. धार घडीत ठेवली तर हादऱ्यानं घडीच कापली जाते. उघड्या बाजूला पुठ्ठ्याचीच तिहेरी पट्टी घाला, टोकाकडचं तोंड बंद करा आणि मुठीवरूनही टेप फिरवा, नाहीतर सुरी सरकून पुढून बाहेर येते. विळीचं पातं पाटावर मिटवून दोरीनं बांधा, खवणीच्या दातांवर जाड फडकं घाला. सगळं बॅगेच्या मध्यभागी, कपड्यांत. बॅग उघडून तपासणाऱ्याचा हात कापता कामा नये, याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो. अडकित्ताही याच बॅगेत.

चुकून हातातल्या बॅगेत राहिलीच, तर तपासणीत हुज्जत घालू नका. वेळ असेल तर काउंटरवर परत जाऊन चेक-इनमध्ये टाकता येते का विचारा, किंवा पोचवायला आलेल्या माणसाच्या हाती द्या. बऱ्याच ठिकाणी देशांतर्गत काउंटर उड्डाणाआधी तासभर बंद होतो, त्यानंतर वस्तू सोडूनच द्यावी लागते. चिकोडी-अथणीकडून, म्हणजे लांबून येणाऱ्यांनी म्हणून बॅग घरीच तपासावी.

शीख प्रवाशांच्या कृपाणाला देशांतर्गत उड्डाणात सवलत आहे: पातं ६ इंचांपर्यंत, एकूण लांबी ९ इंचांपर्यंत. ती सवलत आपल्या सुरीला लागू होत नाही.

मुलगी ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला असेल तर विळीचा लाकडी पाट उतरताना फॉर्मवर जाहीर करा. लाकूड कोरडं, साल नसलेलं आणि किडीची भोकं नसलेलंच निवडा.