प्रश्न नदीकाठचा, परिषद विद्यापीठाची

प्रश्न : आमचा विभाग नदीविषयी दोन दिवसांची परिषद भरवत आहे. नदीकाठच्या रहिवाशांनाही बोलवायचे आहे. पण त्यांचा सहभाग नावापुरता राहू नये, यासाठी काय करावे?
– एक प्राध्यापिका

उत्तर : कार्यक्रमपत्रिका छापून झाल्यावर रहिवाशांसाठी एखादे सत्र शोधायचे, हा नेहमीचा क्रम आधी बदलावा लागेल. विषय ठरवण्याच्या पहिल्याच बैठकीला त्यांचे प्रतिनिधी असावेत, कारण संशोधकाला पडलेला प्रश्न आणि काठावर राहणाऱ्याला छळणारा प्रश्न एकच असेल असे नाही. डेन्मार्कमध्ये १९८७ पासून भरलेल्या सहमती परिषदांमध्ये सामान्य नागरिकांचा गट आधी विषय समजून घेई, तज्ज्ञांना विचारायचे प्रश्न स्वतः ठरवी आणि उत्तरे ऐकल्यावर अंतिम निवेदनही स्वतःच लिही. तो साचा जसाच्या तसा उचलण्याची गरज नाही. मात्र प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यावर परिषदेचे सारे वळण ठरते.

व्यासपीठ, ध्वनिक्षेपक आणि पडद्यावरचे आलेख यांपुढे अनेक जाणकार माणसे गप्प बसतात. त्यापेक्षा नदीपात्राचा मोठा नकाशा टेबलावर पसरावा आणि भोवती जमलेल्यांच्या हाती पेन्सिली द्याव्यात. कोणता डोह उन्हाळ्यात आटतो, कोणता झरा बारमाही आहे, पुराचे पाणी कुठवर चढते, हे माणसे नकाशावर बोट ठेवून सांगतात, आणि त्यांची आठवण व संशोधकाची नोंद जिथे जुळत नाही तिथेच खरी चर्चा सुरू होते. हे सत्र लोकांच्या बोलीत व्हावे. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरावी. बीजभाषण करणाऱ्याला मानधन आणि आयुष्यभराची माहिती देणाऱ्याला नुसते आभार, हा भेद मला अन्यायाचा वाटतो.

सर्वांत जास्त हेळसांड होते ती परिषदेनंतर. ब्राझीलमधील बेलेम येथे १९८८ मध्ये भरलेल्या लोकजीवशास्त्राच्या, म्हणजे स्थानिक समाजांचे सजीवसृष्टीशी असलेले नाते अभ्यासणाऱ्या शास्त्राच्या, पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या घोषणापत्राने संशोधनाचे निष्कर्ष संबंधित समाजांपर्यंत, विशेषतः त्यांच्या भाषेत, पोहोचवण्यास सांगितले होते. तरीही दक्षिण आफ्रिकेतील सान या मूळनिवासी समाजाने २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली, तेव्हा निष्कर्ष कळवण्याचे वचन न पाळणे हा वारंवार येणारा अनादराचा अनुभव असल्याचे तिच्यात नोंदवावे लागले. म्हणून निष्कर्ष सांगण्यासाठी नदीकाठी घ्यायच्या बैठकीची तारीख आणि जबाबदार व्यक्तीचे नाव परिषदेतच जाहीर करावे.

प्रश्न : वनस्पतींची माहिती देणाऱ्या स्थानिक जाणकारांची नावे परिषदेच्या इतिवृत्तात द्यावीत का?
– एक संशोधक विद्यार्थी

उत्तर : त्यांना विचारूनच. काहींना श्रेय हवे असते आणि ते त्यांच्या हक्काचेच आहे. काहींना मात्र नावावरून दुर्मिळ वनस्पतीचे ठिकाण उघड होईल, अशी रास्त भीती असते. परिषदेच्या गडबडीत घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. तयार मजकूर त्यांना वाचून दाखवावा, विचार करायला काही दिवस द्यावेत आणि छपाईपूर्वी माहिती मागे घेण्याची मुभा ठेवावी.